मंडळाच्या खोलीत पोरापोरींसाठी अभ्यासिका करायची म्हणतोय, कुणी केलंय का असं?

सिडकोकर_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, कारण येत्या रविवारी गल्लीची मीटिंग आहे आणि मला तिथे नुसतं तोंड उघडून बसायचं नाहीये, काहीतरी नीट मांडायचंय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, त्रिमूर्ती चौकापासून आत. गल्लीत दोन्ही बाजूंची मिळून तीसेक घरं, मूळची सिडकोची छोटी घरं, लोकांनी वर एकेक मजला चढवलेला. निम्म्याहून जास्त घरातले लोक अंबड नाहीतर सातपूरच्या कंपन्यांत, फर्स्ट सेकंड नाईट अशा शिफ्टा, त्यामुळे घरात कोणत्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतं आणि पोरांना दिवसभर "आवाज करू नका" एवढंच ऐकू येतं. आठवी ते बारावीची मिळून सतरा मुलं-मुली आहेत गल्लीत, परवा बसून मोजली मी.

आता हे डोक्यात का आलं ते सांगतो. यंदा विसर्जनाच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका सोळा वर्षांच्या पोराची पलीकडच्या गल्लीतल्या पोरांशी मारामारी झाली, एकाच्या डोक्याला टाके पडले, चौकीला आईबापांना बोलावलं, रात्री बारापर्यंत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच, पोरगं वाया गेलं. हा पोरगा मार्चमध्ये दहावीला दोन विषयांत राहिला, गणित आणि इंग्रजी, तेव्हापासून शाळा नाही काही नाही, टपरीवर बसलेला असतो. पण मला राहून राहून एकच आठवतं, दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना रात्री अडीच वाजता दवाखान्यात न्यायचं होतं आणि रिक्षा आत येत नव्हती, तेव्हा ह्याच पोराने त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला होता आणि कोपऱ्यापर्यंत पळत नेलं होतं. आणि त्यानंतर मी त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा तुझ्या गणिताचं काय चाललंय.

दुसरी एक मुलगी, अकरावी सायन्स. क्लास सोडला. आईला म्हणाली मला घरी पण समजतं. माझ्या बायकोने तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं की क्लास साडेआठला सुटतो, नाल्याच्या कोपऱ्यावर लाइट नाही आणि तिथे रोज काही लोक गाडीवर बसलेले असतात.

तर आमच्या मंडळाची एक खोली आहे, पत्र्याची, साधारण बारा बाय अठरा. वर्षातले दहा दिवस सोडले तर त्यात मांडवाचे पाइप, ढोल आणि लाइटिंगच्या माळा. माझं म्हणणं की ती रिकामी करून रोज संध्याकाळी मुलांना द्यायची. ग्रुपवर टाकलं तर चार जणांनी अंगठे दाखवले, एक काका म्हणाले अभ्यासाला घर आहे ना, आणि एकाने विचारलं रात्री काही झालं तर जबाबदार कोण. हा शेवटचा प्रश्न खरा आहे, मला उत्तर माहीत नाही.

म्हणून विचारतो. चावी कुणाकडे ठेवावी? मुली येतील असं कसं करायचं? शिकवायला कुणी लावावं का नुसती जागा द्यावी? खर्च किती येतो? आणि त्या पोराचं काय करता येईल, कारण तो काही अभ्यासिका उघडली म्हणून आपणहून चालत येणार नाही.

बीडीडीतला

दादा, तुमचं वाचलं आणि कामावरून घरी जाताना ट्रेनमध्येच लिहायला बसलो.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची एक खोली, आम्ही सात माणसं. अभ्यासाला घर आहे ना असं तुमचे जे काका म्हणाले त्यांना सांगा की घर असणं वेगळं आणि घरात पुस्तक उघडून बसायला हातभर जागा असणं वेगळं. आमच्याकडे आजी खोकायची, धाकटा रडायचा, आईचा स्वयंपाक चालायचा, आणि वडील नाईट करून आलेले असले की लाइट बंद. मग आम्ही काय करायचो तर अभ्यास गल्लीत जायचो. मुंबईकरांना माहीत असेल, वरळीचा सुदाम काळू अहिरे मार्ग, सगळे त्याला अभ्यास गल्लीच म्हणतात. गाड्यांची वर्दळ कमी, झाडं, फुटपाथ, आणि रस्त्याचे दिवे. आमच्या आधीच्या कित्येक पोरांनी त्या दिव्यांखाली बसून अभ्यास केला, आमच्यापैकी दहावीवाले, बारावीवाले, सीए करणारे, एमपीएससीवाले सगळे एका ओळीत.

आता तुमच्या प्रश्नाचं. तिथे आम्हाला कुणीही शिकवायला नव्हतं. पण माझ्या शेजारी बसणारा दादा बँकेच्या परीक्षेची तयारी करायचा, मी अडलो की वही त्याच्याकडे सरकवायचो, तो पेन्सिलने एक स्टेप लिहून परत सरकवायचा, बोलायचा पण नाही. त्या एका स्टेपने माझी बीजगणिताची भीती गेली. त्यामुळे माझं मत असं की पहिल्या दिवसापासून मास्तर लावू नका, क्लास केलात की ज्यांना येत नाही तीच पोरं पहिली गळतात, कारण चार जणांसमोर उत्तर द्यायची लाज वाटते. त्यापेक्षा गल्लीतले किंवा शेजारच्या गल्लीतले कॉलेजचे दोन-तीन जण, जे स्वतः परीक्षा देतायत, त्यांना तिथे बसायला बोलवा. त्यांना जागा मिळेल आणि लहानांना सोबत.

टेबलं भिंतीकडे तोंड करून लावा. गोल करून बसवलं की गप्पा होतात. सतरंजीवर तासाच्या वर बसवत नाही, पाठ धरते, त्यामुळे शाळेतून काढून टाकलेले जुने बेंच मिळतात का बघा, भंगारात जातात ते. पत्र्याची खोली म्हणताय तर एप्रिल-मेमध्ये भट्टी होणार, वर गोणपाट नाहीतर ग्रीन नेट टाका आणि पंखे दोन हवेतच. आणि पाण्याचा माठ. खर्च म्हणाल तर जागा फुकट असेल तर लाइट बिल सोडून रोजचा खर्च काही फार नसतो, महिन्याला घरटी थोडी थोडी वर्गणी धरा पण ज्याच्याकडे नाही त्याचं नाव फळ्यावर लिहू नका, आमच्या चाळीत एकदा असं केलं होतं आणि ती दोन भावंडं परत आली नाहीत.

मास्तर_निवृत्त

मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी असतो. बाकीचं लोक सांगतील, मी त्या मुलाबद्दल सांगतो कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे.

दोन विषय राहिले म्हणजे काही संपलेलं नाही हे आधी त्याच्या आईवडिलांना समजावून सांगा, कारण बऱ्याच घरांत नापास म्हणजे शाळेतून नाव कमी झालं असंच समजतात. मार्चला राहिलेल्यांची पुरवणी परीक्षा पावसाळ्यात होते, जून-जुलैला, त्याने ती दिली नाही असं दिसतंय. शिवाय एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर काढायच्या बोलीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो, ते पण त्याला बहुतेक कुणी सांगितलं नसावं. असो, गेलं ते गेलं. आता पुढची संधी फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा, आणि तिचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे भरून घेतात. त्याला सगळे विषय परत द्यायचे नाहीत, राहिलेले दोनच. लोक अशा मुलांना १७ नंबरचा फॉर्म भर म्हणून सांगतात, ते चुकीचं आहे. १७ नंबर हा ज्यांनी शाळा मध्येच सोडली आणि दहावीला बाहेरून बसायचंय त्यांच्यासाठी. जो एकदा शाळेतून बसून नापास झाला त्याचा फॉर्म त्याच्या जुन्या शाळेतूनच जातो. म्हणजे त्याला त्याच शाळेच्या ऑफिसात परत जाऊन उभं राहावं लागणार.

आणि इथेच मुलं अडकतात हो. फी साठी नाही अडकत. त्या गेटमधून परत आत जायला त्यांचे पाय उचलत नाहीत. वर्गातले बाकीचे पुढे गेलेले, शिपाई ओळखीचा, ऑफिसातला माणूस चार जणांसमोर मोठ्याने विचारणार "कितीत उडालास". मी इतकी वर्षं हे बघितलं. म्हणून त्याच्याबरोबर कुणीतरी जा. तुम्ही जा. मार्कलिस्ट, आधार, दोन फोटो घ्या आणि सकाळी दहाला जा, खिडकीशी तुम्ही बोला.

त्याला जर पुढे शिकायचंच नसेल तर आयटीआय आहे. वेल्डर, वायरमन असल्या काही ट्रेडला दहावी नापास मुलाला पण प्रवेश मिळतो. तुमच्याकडे सातपूरला आयटीआय आहेच, आणि अंबडच्या कंपन्यांतले तुमचे शेजारी आहेत, त्यांच्यातल्याच एखाद्या फिटरने किंवा वेल्डरने त्याला अर्धा तास समोर बसवून सांगितलं की कामावर काय करावं लागतं, काय शिकलेला माणूस लागतो, तर ते माझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त पोचेल.

अजून एक. आठवीची मुलं आहेत म्हणालात. त्यांच्यासाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. लागला नंबर तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. गल्लीतल्या कुणीतरी एकाने हे काम अंगावर घ्या, कोणत्या मुलाची कोणती तारीख कधी, आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर कुणाचा काढायचा राहिलाय. बारावीनंतर जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आता निवांत होतं. जात पडताळणीला तर महिने जातात, अकरावीलाच अर्ज करा म्हणावं.

कडेगावची_सून

मी सांगली जिल्ह्यातली, कडेगाव तालुका. आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, २०२२ मध्ये पेपरात टीव्हीवर सगळीकडे आलं होतं बघा, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावात दीड तास टीव्ही मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला बसतात, साडेआठला परत भोंगा. करोनात शाळा मोबाइलवर गेल्या आणि मग मोबाइल पोरांच्या हातातून निघेनाच झाला, त्यातून ते सुरू झालं. अंगणवाडीच्या ताया, आशा, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगायचे.

आता मी त्या गावची नाही, पण ते ऐकून आमच्या गावात बचत गटाच्या आम्ही बायकांनी आमच्या आळीपुरतं करून बघायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात काय झालं सांगू का, पोरं बसली, आम्हीच नाही बसलो. सातला म्हणजे सिरीयलची वेळ. पोरगा आतल्या खोलीत भूगोल वाचतोय आणि बाहेर आईचा टीव्ही, आवाज बारीक करून का होईना पण चालूच. माझी मुलगी नववीत होती, ती एकदा सरळ म्हणाली, आई तू बघतीयस मग मी का नको. मी टीव्ही बंद केला आणि तिच्या शेजारी बसून गटाचा हिशोब लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी पण आल्या, त्या वाल सोलत बसल्या. हळूहळू आळीतल्या पाच-सहा घरांत तसं झालं. सगळ्यांनी केलं असं नाही, काही घरांनी शेवटपर्यंत नाहीच केलं, पण जिथे मोठी माणसं बसली तिथली पोरं टिकली, बाकीची महिन्यात उठली. एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून भाऊ, तुमच्या खोलीत रोज एक मोठं माणूस स्वतःचं काहीतरी काम घेऊन बसेल असं बघा. लक्ष ठेवायला म्हणून खुर्ची टाकून मोबाइल बघत बसणारं नको. पेपर वाचा, शिवण करा, हिशोब करा. आणि चावी पोरांकडे द्या, मुलींकडे द्यायला पण काय हरकत आहे, सतरात मुली किती आहेत ते तुम्ही लिहिलंच नाही.

अनामिका_पुणे

वरच्या ताईंनी शेवटी जे विचारलं तेच माझ्या पण मनात आलं. मी पुण्यात एका वस्तीत किशोरवयीन मुलींच्या गटाबरोबर काम करते, बारा वर्षं झाली, त्यामुळे थोडं कडक लिहिते, राग मानू नका.

मुली येतील असं कसं करायचं हा प्रश्न आम्हाला विचारू नका, तुमच्या गल्लीतल्या मुलींना विचारा, आणि त्यांच्या भावांसमोर वडिलांसमोर नको, तुमच्या मिसेसना विचारायला सांगा, त्यांनी त्या अकरावीच्या मुलीला जसं विचारलं तसं. आमच्याकडे आम्ही वेळ ठरवली होती सात ते दहा, छान वाटत होती आम्हाला, मुलगी एक पण नाही. विचारलं तर कळलं की सात वाजता त्यांना भाकऱ्या करायच्या असतात, पाणी येतं, आणि दहाला परत यायला कुणी घरातून सोडत नाही. आणि जवळपास संडास नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो प्रश्न सुटला आणि वेळ पाच ते साडेसात केली तेव्हा पहिल्या आठवड्यात नऊ मुली आल्या.

आता जबाबदार कोण हा प्रश्न. तो विचारणारा माणूस तुमच्या बाजूचा आहे असं धरा, त्यालाच समितीत घ्या. काही नियम आधीच लिहून भिंतीवर लावा. कोणताही मोठा माणूस एकटा एका मुलासोबत किंवा मुलीसोबत दार लावून बसणार नाही, कायम दोन मोठे, त्यातली एक बाई. दार उघडं. मुलीला घरी सोडायला एकटा पुरुष जाणार नाही, ओळखीचा असला तरी. हात उचलायचा नाही, अपमान करायचा नाही. हे अविश्वासातून नाही सांगत, अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे २०१२ पासून, आणि एखाद्या मुलाने काही भयंकर सांगितलं तर ते आपल्यातच ठेवायचं नसतं, पोलिसांना नाहीतर बालकांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे तिथे कळवावंच लागतं. गल्लीची अब्रू वगैरे मध्ये आणू नका. परीक्षेच्या दिवसांत एखादं पोर एकदम गप्प झालं, जेवेना झालं, नको नको ते बोलायला लागलं तर त्याला आळशी म्हणू नका, मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायला सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे, मराठीत पण बोलता येतं. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात दाराच्या आत लावा.

आणि हात जोडून एक विनंती, मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका आणि उद्घाटनाला बॅनर लावू नका. आमच्याकडे एका वर्षी एकाने वह्या वाटल्या आणि प्रत्येक मुलाला वही हातात धरून उभं केलं, फोटो चौकात लागला. त्यातली दहावीची मुलगी मला म्हणाली, ताई माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी बघितलं. तिने ती वही कधीच वापरली नाही.

तालमीतला_कोल्हापूर

मी १९ वर्षांचा आहे, इथे सगळे मोठे लिहितायत म्हणून जरा घाबरत लिहितोय. त्या सोळा वर्षांच्या पोराबद्दल लिहायचं होतं कारण तो म्हणजे मीच होतो की ओ.

मी पण दहावीला राहिलो, तीन विषय. राहिल्यावर काय होतं सांगतो. सगळ्यात वाईट गोष्ट कुठली तर रस्त्यात कुणीतरी भेटतं आणि विचारतं काय करतोस सध्या. मी ते चुकवायला गल्ली बदलून जायचो, लांबचा वळसा घालून. मग जिथे कुणी ते विचारत नाही अशी एकच जागा राहते, ती टपरी. लोक म्हणतात वाईट संगत लागली. तसं नव्हतं काही, तिथे फक्त कुणी विचारत नव्हतं.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत, तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीची, आता फुटबॉल, गणपती, सगळंच. आमच्या तालमीच्या एका काकांनी मला बोलावलं आणि अभ्यासाचं चकार शब्द नाही काढला. म्हणाले, लहान पोरांचं फुटबॉल सकाळी साडेसहाला असतं, मला गुडघ्यामुळे जमत नाही, तू बॉल आणि जाळीची चावी सांभाळ. एवढंच. आता साडेसहाला पंचवीस पोरं चावीची वाट बघत उभी राहणार म्हटल्यावर उठावंच लागतं, रात्री दोनपर्यंत जागता येत नाही. मग दोन महिन्यांनी त्यातल्या एका सातवीच्या पोराने मला विचारलं दादा तू कितवीत, आणि मला खोटं बोलवेना. त्या आठवड्यात मी काकांना म्हणलो मला फॉर्म भरायचाय. दोन विषय निघाले, एक राहिला, तो पुढच्या वेळी निघाला. आता मी बारावी करून आयटीआय करतोय, इलेक्ट्रिशियन.

त्यामुळे दादा, त्याला अभ्यासाला बोलवू नका लगेच. त्याला काम सांगा, खरं काम, जे तो नाही आला तर अडेल असं. तुमच्या वडिलांना त्याने उचललं होतं ते त्याच्या लक्षात असणार, तुम्ही विसरला नाही एवढं त्याला कळू दे फक्त. आणि मारामारीचं सारखं सारखं काढू नका, त्याला माहितीये.

सिडकोकर_नाशिक

मंडळी, उशिरा लिहितोय, दोन महिने झाले जवळपास. आधीच लिहायला पाहिजे होतं पण काहीतरी झाल्यावरच लिहावं असं वाटत होतं.

मीटिंगमध्ये मी ताईंचं ऐकून आधी काही मांडलंच नाही. बायकोने आणि शेजारच्या वहिनींनी त्याआधी मुलींना घरी चहाला बोलावलं होतं. आठ मुली आहेत गल्लीत. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. वेळ साडेपाच ते आठ. खोलीच्या मागच्या घरातलं बाथरूम वापरायला मिळावं, त्या काकू लगेच हो म्हणाल्या. आणि तिसरं, नाल्याच्या कोपऱ्यावर दिवा. अभ्यासिका नाही झाली तरी चालेल पण दिवा हवा, असं त्या म्हणाल्या. हे मी मीटिंगमध्ये तसंच्या तसं सांगितलं आणि सगळे जरा वेळ गप्प झाले, कारण त्या कोपऱ्यावरून आपण सगळेच रोज गाडीवरून जातो. महापालिकेत अर्ज दिला, सतरा जणांच्या सह्या घेऊन, तीन चकरा झाल्या, दिवा अजून लागलेला नाही. तोपर्यंत कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाऊंनी स्वतःच्या गच्चीवरून एक एलईडी फोकस लावलाय, रात्री अकरापर्यंत चालू ठेवतात. ती मुलगी क्लासला परत जायला लागली, साडेआठला येताना आमच्या गल्लीतल्या आणखी दोघी तिच्याबरोबर असतात.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी त्या पोराला सकाळी घरी जाऊन सांगितलं की पाइप गच्चीवर चढवायचेत, बारा फुटी आहेत, दोर लावून ओढायचे, मला ते जमणार नाही, तू सांगशील तसं करू. तालमीतल्या भाऊ, तुझ्यामुळे सुचलं हे. तो आला. चार जणांना कुणी कुठे उभं राहायचं ते त्यानेच ठरवलं, एक पाइप पडू दिला नाही. नंतर चहा घेताना वडील बाहेर आले, त्यांना आता नीट चालता येत नाही, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले हाच तो. पोरगं खाली बघत राहिलं.

वायरिंग पण त्यानेच आणि गल्लीतल्या एका मेंटेनन्सवाल्या दादांनी मिळून केलं. चाव्या दोन आहेत, एक बारावीच्या मुलीकडे, एक त्याच्याकडे. रोज बारा-तेरा मुलं बसतात, शनिवारी कमी. जे काका म्हणाले होते अभ्यासाला घर आहे ना, ते सोमवार-गुरुवार पेपर घेऊन बसतात आणि जबाबदार कोण विचारणाऱ्यांनीच नियमांचा कागद टाइप करून लावला, दोन्ही नंबर लाल अक्षरात. फोटो नाही काढला कुणी, उद्घाटन पण नाही केलं.

फॉर्मचं सांगायचं राहिलं. मास्तर, मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. गेटपाशी तो खरंच थांबला, म्हणाला काका तुम्ही जाऊन या, मी इथेच आहे. मी पण थांबलो, पाच मिनिटं दोघं गेटबाहेर उभे होतो, मग गेला माझ्या पुढे. तारीख उलटून गेली होती, लेट फी भरून फॉर्म भरला. इंग्रजीचं तो करतोय थोडं थोडं. गणित मात्र उघडत नाही, वही समोर ठेवून बसतो, बीजगणित काढलं की उठून पंखा बघायला जातो. कॉलेजचा एक मुलगा आहे आमच्याकडे येणारा, पण त्याच्याकडे वही सरकवायला हा तयार नाही, दोघं पूर्वी एकाच वर्गात होते बहुतेक. मार्चला किती दिवस राहिलेत ते तुम्हाला माहीतच आहे. मास्तर, कुठून सुरुवात करायला लावू?

मास्तर_निवृत्त

बीजगणित आत्ता बंद ठेवा. भूमितीपासून सुरू करा, रचना आधी. कंपास, पट्टी, हातात पेन्सिल, वर्तुळाला स्पर्शिका काढायची, समरूप त्रिकोण काढायचे. ज्याने दोरावर बारा फुटी पाइप चढवले त्याला रचना येणारच, आणि त्याचे मार्क नक्की असतात. त्यानंतर सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी, ह्याच क्रमाने. रोज दोनच गणितं, पण पूर्ण.

आणि त्या कॉलेजच्या मुलाचं राहू द्या. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो, मी तुम्हाला माझा नंबर मेसेजमध्ये पाठवतो. त्याने वहीचा फोटो पाठवावा, नुसता अडलेल्या ओळीचा, नाव लिहायची पण गरज नाही. मी पुढची एक स्टेप लिहून परत पाठवीन.